२ फेब्रुवारीची सावली

जानेवारी संपत आला की अमेरिकेतल्या आपल्या घरांत एक कागदी प्राणी दाखल होतो. बालवाडीतली मुलं तो रंगवून, कापून, काडीला चिकटवून शाळेतून आणतात. कागदी कपातून त्याला वर काढायचं. सावली दिसली तर पुन्हा आत ढकलायचं, म्हणजे हिवाळा आणखी सहा आठवडे मुक्कामाला. सावली दिसली नाही तर वसंत लवकर येणार. २ फेब्रुवारीच्या सकाळी टीव्हीवर उंच काळ्या टोप्या घातलेले गृहस्थ पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावी, कडाक्याच्या थंडीत, ‘फिल’ नावाच्या ग्राउंडहॉगला ढोलीतून बाहेर काढताना दिसतात. चंद्रावर माणूस पाठवणारा हा देश हवामानाचा अंदाज घुशीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याला विचारतो, याचं आपल्याला हसू येतं. सरकारी हवामान खात्याने ताळा करून पाहिला, तेव्हा फिलचे अंदाज निम्म्याहून कमी वेळा खरे निघाले. नाणं उडवलं असतं तरी निकाल याहून बरा लागला असता!

असो. फिलच्या अंदाजावर विसंबून कोणी गाडीचे स्नो टायर काढत नाही. पण या करमणुकीच्या मागे एका स्थलांतरित समाजाचा इतिहास आहे. ही माणसंही आपल्यासारखीच आपली भाषा, आपले सण आणि आपले आडाखे गाठोड्यात बांधून समुद्र ओलांडून आली. त्यांनी काय टिकवलं, काय बदललं आणि काय गमावलं, हे आपण परदेशस्थ मराठी माणसांनी जरा जवळून पाहण्यासारखं आहे. त्यांच्यापाशी तीनशे वर्षांचा अनुभव आहे, आणि आपली आता कुठे दुसरी-तिसरी पिढी चालू आहे.

हिवाळ्याचा मध्य

आधी तारखेचं पाहू. २१ डिसेंबरच्या सुमारास उत्तर गोलार्धात रात्र सर्वांत मोठी असते आणि २० मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात. या दोहोंच्या बरोबर मध्ये फेब्रुवारीचे पहिले काही दिवस येतात. तोवर फिलाडेल्फियाच्या अक्षांशावर दिवस पाऊण तासाहून अधिक वाढलेला असतो. थंडी मात्र हटलेली नसते. जमीन आणि पाणी सावकाश निवतात आणि सावकाशच तापतात, त्यामुळे सूर्य मागे फिरल्यानंतरही महिनाभर गारठा वाढतच जातो. उजेड वाढला आहे, पण ऊब आलेली नाही, असा हा मधला काळ.

जुन्या युरोपातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा काळ काळजीचा होता. शेतात गवताची काडी नाही, गोठ्यात गुरं बांधलेली, आणि कोठारातला चारा रोज कमी होणारा. म्हणून या दिवशी कोठार उघडून पाहायचं आणि निम्मा चारा, निम्मं सरपण शिल्लक आहे ना याची खात्री करायची, असा दंडक होता. हिवाळा किती उरला, हा प्रश्न तेव्हा गमतीचा नव्हता. उत्तर चुकलं तर गाय मरत होती.

या काठावर अनेक समाजांनी सण बसवलेले दिसतात. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला इंबोल्क हा जुना सण असे. मेंढ्या विण्याच्या आणि त्यांना दूध येण्याच्या हंगामाशी त्याचं नातं होतं. पुढे तोच दिवस किल्डेअरच्या संत ब्रिजिटचा झाला, आणि २०२३ पासून आयर्लंडमध्ये तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी दिली जाते. ख्रिस्ती पंचांगात २ फेब्रुवारी हा नाताळनंतरचा चाळिसावा दिवस. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मुलगा झाल्यावर चाळीस दिवसांनी आईची शुद्धी होई. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या सव्वा महिन्याची आठवण यावी असाच हा हिशेब. त्यानुसार मेरीने बाळ येशूला जेरुसलेमच्या मंदिरात नेलं, त्या प्रसंगाचा हा दिवस. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या इजेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने हा सण तिथे थाटाने साजरा होताना पाहिल्याची नोंद ठेवली आहे. पुढे त्यात मेणबत्त्यांची मिरवणूक आली, वर्षभराच्या मेणबत्त्या त्या दिवशी चर्चमध्ये मंत्रून घेण्याची चाल पडली. त्यावरून इंग्रजीत या दिवसाला ‘कँडलमास’ आणि जर्मनमध्ये ‘लिश्टमेस’ म्हणजे दिव्यांची प्रार्थना असं नाव पडलं.

आपल्याकडे याच दिवसांत रथसप्तमी येते. २०२५ साली ती ४ फेब्रुवारीला होती. अंगणात गोवऱ्या पेटवून त्यावर मातीच्या बोळक्यात दूध उतू घालायचं, सूर्याचा रथ काढायचा, आणि संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवांची त्या दिवशी सांगता करायची. कोणी कोणाकडून काही उचललं असं सुचवायचं नाही. सूर्य दोन्हीकडे तोच आहे, आणि त्याने पाठ फिरवलेली नाही याचा दिलासा दोन्हीकडच्या माणसांना हवा होता.

तारखा तर दोन्हीकडे सरकल्या. मकर संक्रांत आणि प्रत्यक्ष उत्तरायणाचा आरंभ हे सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एकाच दिवशी येत. अयनचलनामुळे त्यांच्यात आता तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडलं आहे, पण म्हणून आपण तिळगूळ डिसेंबरात वाटत नाही. युरोपात ज्युलियन पंचांग सूर्याच्या मागे पडलं, ते दुरुस्त करताना दिवस गाळावे लागले. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० साली नवं पंचांग घेतलं, तर इंग्लंडने आणि त्याच्या अमेरिकन वसाहतींनी थेट १७५२ मध्ये. म्हणजे मधल्या काळात जो जर्मन शेतकरी पेनसिल्व्हेनियात उतरला, त्याचा लिश्टमेस इथल्या पंचांगाप्रमाणे अकरा दिवस उशिरा येऊ लागला! भारतातली तिथी आणि इथली तारीख यांत दर दिवाळीला गोंधळणाऱ्या आपल्याला त्याची अडचण चटकन समजेल.

बॅजर गेला, ग्राउंडहॉग आला

हा जर्मन शेतकरी इथे आला कसा? १६८१ मध्ये विल्यम पेनला इंग्लंडच्या राजाकडून पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली. त्याने धर्मस्वातंत्र्याची हमी दिली आणि युरोपात त्याचा प्रचारही केला. १६८३ च्या ऑक्टोबरात क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबं फिलाडेल्फियाला पोहोचली आणि त्यांनी जर्मनटाउन वसवलं. नंतरचा मोठा लोंढा ऱ्हाइन नदीकाठच्या पॅलाटिनेट भागातून आला. फ्रेंच सैन्याने तो मुलूख पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त केला होता. त्यावर १७०९ च्या जानेवारीत युरोपात असा हिवाळा पडला की नद्या गोठल्या आणि द्राक्षवेली मुळापासून मेल्या. त्या वर्षी पॅलाटिनेट आणि आसपासचे सुमारे तेरा हजार लोक घरदार सोडून लंडनला येऊन पडले. पुढच्या दशकांत त्यांच्या भाईबंदांची जहाजं फिलाडेल्फियाच्या धक्क्याला लागत राहिली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेनसिल्व्हेनियाच्या लोकवस्तीत जवळजवळ तिसरा हिस्सा जर्मनांचा होता. इंग्रज शेजारी त्यांना ‘डच’ म्हणत, आणि ‘पेनसिल्व्हेनिया डच’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं.

आलेल्यांच्या स्वागताची तऱ्हाही ओळखीची वाटेल. बेंजामिन फ्रँकलिनने १७३२ मध्ये जर्मन वाचकांसाठी अमेरिकेतलं पहिलं जर्मन वर्तमानपत्र काढून पाहिलं. त्याच फ्रँकलिनने १७५१ मध्ये लिहिलेल्या निबंधात तक्रार केली की इंग्रजांनी वसवलेली ही वसाहत परक्यांची होऊ घातली आहे, हे लोक आपली भाषा शिकणार नाहीत, उलट आपल्यालाच जर्मन करून सोडतील. पुढे इथे आलेल्या प्रत्येक समाजाला हे गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने ऐकावं लागलं.

या मंडळींनी सोबत आणलेल्या आडाख्यांत लिश्टमेसचा आडाखा होता. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं तर हिवाळा लांबणार, आभाळ भरलेलं असलं तर संपत आला. हा आडाखा अगदीच वाऱ्यावरचा नव्हे. मध्य युरोपात हिवाळ्यातलं निरभ्र आकाश बहुधा पूर्वेकडून येणाऱ्या कोरड्या, गोठवणाऱ्या हवेचं असतं, आणि ढग अटलांटिकवरून येणाऱ्या दमट, त्या मानाने उबदार हवेबरोबर येतात. एका दिवसावरून सहा आठवड्यांचं भविष्य सांगणं तेवढं अति झालं. जर्मनीत या आडाख्याचा साक्षीदार होता बॅजर. तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला हा बिळात राहणारा प्राणी लिश्टमेसला बाहेर डोकावतो, आणि स्वतःची सावली दिसली तर पुन्हा आत जातो अशी समजूत. सावली म्हणजेच ऊन, बाकी अर्थ तोच.

पूर्व पेनसिल्व्हेनियाच्या रानात मात्र बॅजर नव्हता. होता तो ग्राउंडहॉग. लठ्ठ, आखूड पायांचा, खारीच्या कुळातला, शेताच्या बांधावर बीळ करणारा आणि भाजीपाल्याची नासाडी करणारा. शेतकऱ्यांनी बॅजरचं काम त्याच्याकडे दिलं आणि आपल्या बोलीत त्याचं नाव ‘ग्रुंडसाउ’ ठेवलं, म्हणजे जमिनीतलं डुक्कर. यावर कुठे वाद झाल्याचं, परंपरा बुडाल्याचा गलका झाल्याचं ऐकिवात नाही. चर्चमधला विधी मागे पडला, जनावर बदललं, पण दिवस आणि प्रश्न तेच राहिले.

गंमत अशी की निवड उत्तम ठरली. बॅजर पूर्ण शीतनिद्रा घेत नाही. ग्राउंडहॉग खरोखरच महिनोन्‌महिने निपचित पडतो, त्याच्या शरीराचं तापमान गोठणबिंदूच्या वर काही अंशांपर्यंत उतरतं आणि हृदय मिनिटाला मोजके ठोके देतं. पेन स्टेट विद्यापीठाच्या बर्क्स केंद्रातले जीवशास्त्रज्ञ स्टॅम झर्व्हानोस यांनी या प्राण्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना आढळलं की फेब्रुवारीच्या सुरुवातीला नर खरोखरच बिळाबाहेर येतात, आसपासच्या माद्यांच्या बिळांना भेटी देऊन कोण कुठे राहतं याचा अदमास घेतात, आणि परत जाऊन झोपतात. खरा विणीचा हंगाम मार्चमध्ये. त्यांना सावलीशी काही देणंघेणं नाही. पण त्या दिवसांत ग्राउंडहॉग बाहेर दिसतो, हे शेतकऱ्याचं निरीक्षण खरं होतं.

गावची चाल देशाची झाली

या समजुतीचा अमेरिकेतला एक जुना लेखी पुरावा १८४१ सालचा आहे. बर्क्स परगण्यातल्या मॉर्गनटाउनचा दुकानदार जेम्स मॉरिस याने फेब्रुवारीच्या रोजनिशीत लिहून ठेवलं की मंगळवारी कँडलमास होऊन गेला, आणि जर्मन लोकांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी ग्राउंडहॉग बिळातून डोकावतो. ‘जर्मन लोकांच्या म्हणण्याप्रमाणे’ हे महत्त्वाचं. तेव्हा ही शेजाऱ्यांची चाल होती.

ती सर्वांची झाली पंक्सटॉनीमुळे. पश्चिम पेनसिल्व्हेनियातलं हे लहानसं गाव. त्याचं नाव मूळ लेनापे लोकांच्या भाषेतलं, चावऱ्या चिलटांवरून पडलेलं. १८८६ मध्ये ‘पंक्सटॉनी स्पिरिट’ या स्थानिक पत्राने ग्राउंडहॉग दिनाची बातमी छापली आणि १८८७ मध्ये गावकरी पहिल्यांदा ‘गॉब्लर्स नॉब’ या टेकडीवर गेले. पत्राचा संपादक क्लायमर फ्रीस याने आपल्या गावचा ग्राउंडहॉग तेवढाच खरा भविष्यवेत्ता, अशी हूल उठवून दिली. त्या काळी तिथली मंडळी उन्हाळ्याच्या अखेरीस ग्राउंडहॉगची शिकार करून त्याच्या मेजवान्याही झोडत. भविष्यवेत्त्याची ही गत आज कोणी सहसा सांगत नाही! १९९३ मध्ये बिल मरेचा ‘ग्राउंडहॉग डे’ चित्रपट आला आणि टेकडीवरची गर्दी हजारोंनी वाढली. त्या चित्रपटातलं पंक्सटॉनी म्हणजे प्रत्यक्षात शिकागोजवळचं वुडस्टॉक, हे इलिनॉयच्या वाचकांना ठाऊक असेलच.

अशा रीतीने एका स्थलांतरित समाजाचा मधल्या हिवाळ्यातला दिवस साऱ्या अमेरिकेने उचलला. एवढं यश फार थोड्या समाजांच्या वाट्याला येतं. पण तो ज्या बोलीतून आला, ती बोली याच काळात आटत चालली होती.

एका संध्याकाळची भाषा

पेनसिल्व्हेनियातल्या या जर्मन बोलीला तिचे बोलणारे ‘डाइच’ म्हणतात. दीडशेहून अधिक वर्षं ती शेतात, बाजारात आणि चर्चच्या आवारात राजरोस बोलली जात होती. मग शाळा इंग्रजी झाल्या, मुलं शहरांकडे गेली. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि जर्मन बोलणं हाच संशयाचा विषय झाला. १९१९ मध्ये नेब्रास्काने आठवी पार न केलेल्या मुलांना परकी भाषा शिकवणं हा गुन्हा ठरवला. एका शिक्षकाला जर्मन शिकवल्याबद्दल दंड झाला, तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२३ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण कोर्टाच्या निकालाने घरातली भीती जात नाही. आपल्या मुलांना उच्चारांवरून कोणी हसू नये म्हणून हजारो आईबाप मुलांशी इंग्रजीत आणि एकमेकांशी डाइचमध्ये बोलू लागले. मुलांना भाषा समजे, बोलता येत नसे. पुढचं सांगायला नको.

तेव्हा काही जाणत्यांनी एक युक्ती काढली. १९३४ मध्ये लीहाय नदीच्या खोऱ्यात, ॲलनटाउनच्या परिसरात, पहिली ‘ग्रुंडसाउ लॉज’ भरली. ग्राउंडहॉगच्या निमित्ताने जमायचं, पोटभर जेवायचं, नकला, गाणी, भाषणं करायची, पण सारं डाइचमध्ये. इंग्रजी शब्द तोंडातून निघाला की शब्दामागे दंडाचं नाणं टेबलावरच्या वाडग्यात टाकायचं. आपल्या संमेलनांत असा वाडगा ठेवला तर मंडळाच्या सभागृहाचं भाडं एका रात्रीत निघेल! पाहता पाहता अशा डझनाहून अधिक लॉज निघाल्या. जर्मनीशी दुसरं युद्ध झालं तरी त्या टिकल्या, आणि काही आजही भरतात. आपली बोली हसण्यावारी नेणाऱ्या जगात वर्षातून एक रात्र ती ताठ मानेने बोलता येते, हे काही थोडं नव्हे. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल आदरच वाटतो.

तरीही हिशेब मांडला तर तो कटू आहे. या लॉजमध्ये जमणाऱ्या लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्चच्या कुटुंबांत डाइच पुढच्या पिढीकडे गेली नाही. सभासद म्हातारे होत गेले, नातवंडं पाहुण्यांसारखी येऊ लागली. सण धडधाकट राहिला, भाषा त्याच्या आधाराने उभी राहू शकली नाही.

आणि त्याच राज्यात, लँकेस्टरच्या शेतांवर, तीच बोली आज भरभराटीला आहे. काळ्या बग्ग्यांतून फिरणारे, विजेच्या तारा घरात न घेणारे अमिश लोक आपण सारेच कधी ना कधी गाडीच्या खिडकीतून पाहून आलो आहोत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जेमतेम काही हजार होते. आता अनेक राज्यांत मिळून चार लाखांच्या आसपास आहेत. बहुतेकांच्या घरची भाषा डाइच. त्यांचं मूल सहाव्या वर्षी शाळेत गेल्यावर इंग्रजी शिकतं, आणि चांगली शिकतं. त्यांची शाळाही इंग्रजीतच चालते. पण गाय दोहणं, भाकरी भाजणं, रागावणं, समजूत घालणं, सारं डाइचमध्ये. त्यांच्याकडे ना उंच टोप्या, ना टीव्हीचे कॅमेरे. भाषा जगवण्यासाठी त्यांना वेगळी संध्याकाळ काढावी लागत नाही.

आपण काही अमिश होणार नाही, आणि होऊही नये. त्यांच्या भाषेची किंमत त्यांनी जगापासून दूर राहून मोजली आहे. आठवीपुढे मुलांना शाळेत न पाठवण्याचा हक्क त्यांनी १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळवला, आणि मुलांच्या शिक्षणासाठीच इथवर आलेल्या मराठी कुटुंबाला तो मार्ग परवडणारा नाही. पण या दोन भावंडांच्या गोष्टीतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. सण बदल सोसतो. आपलं हळदीकुंकू शनिवारी सभागृहात होतं, बोरांच्या जागी क्रॅनबेऱ्या येतात, सुगडांऐवजी काचेच्या वाट्या येतात, तिळगूळ भारतीय दुकानातून पाकिटात येतो. यातल्या कशाबद्दलही मनाला लावून घेण्याचं कारण नाही. बॅजरच्या जागी ग्राउंडहॉग आला म्हणून जर्मनांचा दिवस बुडाला नाही, उलट साऱ्या देशाचा झाला.

भाषेचं तसं नाही. तिला रोजचं काम लागतं. मंडळाची मराठी शाळा दर रविवारी दोन तास भरते, तिचे शिक्षक पदरमोड करून शिकवतात, पण घरातली कोणती कामं फक्त मराठीत होतात हे ठरवणं आपल्याच हाती आहे. जेवायला बोलावणं असेल, आजीला फोन असेल, गाडीतली भांडणं असतील, काही तरी एक नेमून द्यायला हवं. आणि भाषेला नव्या वस्तूंची नावंही द्यायला हवीत. पेनसिल्व्हेनियातल्या त्या शेतकऱ्यापुढे अनोळखी जनावर आलं, तेव्हा त्याने शेजाऱ्याचा शब्द जसाच्या तसा न घेता आपल्या बोलीत त्याला ‘ग्रुंडसाउ’ म्हटलं. ग्राउंडहॉगला मराठीत अजून नाव नाही. आपल्या मुलांनी एखादं ठेवलं, मग ते ‘बांधावरली घूस’ असो की ‘ढेरपोटी खार’, तर त्यावर हसताना व्याकरण काढू नये. नाव चुकीचं असलं तरी ते मराठीत सुचलेलं असेल.